ओठांवरची प्रार्थना



काही दिवसांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर एक भगिनी आमच्याशी बोलत होत्या. वर्षभर घरात आजारपण आणि शेवटी पतीचे निधन. त्या म्हणाल्या, "मी मिस्सा चुकवत नाही. रात्री मुलांना घेऊन रोझरीही म्हणते. पण आत काहीच हलत नाही, फक्त ओठ हलतात. मन नसताना देवासमोर असं बोलणं म्हणजे ढोंगच ना? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं नाही का?"

प्रश्न प्रामाणिक आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मनात तो येऊन गेला असेल. आपण तो बोलून दाखवला नाही, एवढेच. प्रार्थनेने आशा, आनंद आणि शांती लाभते असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग प्रार्थना करूनही यातले काहीच जाणवत नाही, तेव्हा आपले कुठे चुकते?

ओठांनी देवाचा सन्मान करणाऱ्या पण अंतःकरणाने त्याच्यापासून दूर असलेल्या लोकांना प्रभू येशूने यशया संदेष्ट्याच्या शब्दांत खडसावले आहे. ते शब्द ऐकून त्या भगिनीसारखी माणसे घाबरतात. परंतु प्रभू कुणाशी बोलत होता, हे आपण पाहिले पाहिजे. समोर परुशी आणि शास्त्री होते. वरवरचे नियम सांभाळून आईवडिलांची जबाबदारी टाळायची वाट त्यांनी शोधून काढली होती. त्यांचे मन देवापासून दूर होते, कारण त्यांना ते दूरच ठेवायचे होते. दुःखाने बधिर झालेल्या मनाची गोष्ट वेगळी आहे. त्याला देवाकडे यायचे असते, पण पाय उचलत नाहीत. पहिल्या मनाला पश्चात्तापाची गरज आहे, दुसऱ्याला आधाराची. दोघांना एकाच मापाने मोजणे हा अन्याय होईल.

खुद्द आपल्या प्रभूकडे पाहू या. गेथशेमाने बागेत त्याचा जीव व्याकूळ झाला होता. त्या रात्री त्याने नवनवीन, सुंदर शब्दांत प्रार्थना केली नाही. तिसऱ्यांदाही त्याने तेच शब्द पुन्हा उच्चारले, असे संत मत्तय लिहितो. मनावर असह्य भार असतो तेव्हा माणसाला नवे शब्द सुचत नाहीत. देवपुत्रानेही तो अनुभव घेतला.

व्हिएतनामचे कार्डिनल फ्रान्सिस झेवियर न्गुयेन वान थुआन यांचे जीवन याच बाबतीत आपल्याला खूप काही शिकवते. १९७५ च्या एप्रिलमध्ये ते सायगावचे उत्तराधिकारी आर्चबिशप झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडले आणि १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्यांना अटक झाली. पुढची १३ वर्षे ते बंदिवासात होते. त्यातली ९ वर्षे एकांतवासात गेली. पोटाचे औषध म्हणून पाठवलेल्या छोट्या बाटलीतला द्राक्षारस ते जपून वापरत. तळहातावर तीन थेंब द्राक्षारस आणि एक थेंब पाणी घेऊन ते मिस्साबलिदान अर्पण करीत. २१ नोव्हेंबर १९८८ रोजी त्यांची सुटका झाली, २००१ मध्ये ते कार्डिनल झाले आणि २००२ मध्ये प्रभूघरी गेले.

ही कथा ऐकताना वाटते, एवढा मोठा माणूस सतत देवाशी बोलत असेल! पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ३० नोव्हेंबर २००७ च्या 'स्पे साल्वी' या आशेविषयीच्या परिपत्रकात त्यांचीच एक कबुली नोंदवली आहे. आपल्याला प्रार्थनाच करता येत नव्हती, असे दीर्घ काळ आपल्या आयुष्यात येऊन गेले, असे या कार्डिनलांनी लिहून ठेवले होते. त्या काळात त्यांनी प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि उपासनेतील प्रार्थना घट्ट धरून ठेवल्या. आपल्या आजीने शिकवलेल्या त्याच प्रार्थना!

बंधुभगिनींनो, आशा म्हणजे सगळे लवकरच ठीक होईल असे वाटणे नव्हे. तसे वाटणे येते आणि जाते. देवाने आपला हात सोडलेला नाही या विश्वासावर, आत अंधार असतानाही, एक पाऊल पुढे टाकणे म्हणजे आशा. ज्या ओठांना बोलण्यात काही गोडी उरलेली नाही, तरी जे बोलत राहतात, त्या ओठांवर आशा जिवंत असते. स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखानेच संपते. तरीही ख्रिस्तसभा ते प्रार्थना म्हणून गाते, कारण तो आक्रोश देवासमोरच केलेला आहे.

आनंद आणि शांती या आशेमागून येतात, पण आपण ठरवलेल्या वेळी येत नाहीत. पुनरुत्थित प्रभू भीतीने दारे लावून बसलेल्या शिष्यांकडे शांती घेऊन आला, तेव्हा त्याच्या हातांवरच्या जखमा तशाच होत्या. त्याने दिलेल्या शांतीत जखमांनाही जागा आहे.

आणखी एक गोष्ट. रोझरीत नमो मरियेचा पूर्वार्ध एकजण म्हणतो, उत्तरार्ध बाकीचे. ज्याच्याने सुरुवात करवत नाही, त्याला निदान उत्तर देता येते. ज्याच्याने तेही होत नाही, त्याच्या वतीने इतरांचा आवाज देवापर्यंत पोहोचतो. घरात कुणी वारले की संध्याकाळी शेजारीपाजारी आणि नातेवाईक प्रार्थनेला जमतात, ते यासाठीच. मात्र काही दिवसांनी आपले जाणे थांबते आणि नेमके तेव्हाच त्या घरातली संध्याकाळ फार लांब होते. त्या भगिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देण्याची जबाबदारी आपली आहे.

तेव्हा या आठवड्यात दोन गोष्टी करू या. मन लागो वा न लागो, झोपण्यापूर्वी एकदा प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणू या आणि काही वाटले की नाही, हे तपासत बसू नये. आणि आपल्या वाडीत, आपल्या इमारतीत जे घर अलीकडे शांत झाले आहे, तिथे एका संध्याकाळी जाऊ या. सांत्वनाचे शब्द सुचले नाहीत तरी चालेल. नमो मरिया तर आपल्या सर्वांना पाठ आहे.

आपल्याला काय मागावे हे कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी विनवणी करतो, असे संत पौल सांगतो. तोच आत्मा आपल्या थकलेल्या ओठांवरच्या प्रार्थना पित्यापर्यंत नेवो. आमेन.