सोमवारी या, बघू

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगाराच्या कानावर एक शब्द सारखा पडतो: बघू. ओव्हरटाइमचा हिशोब? बघू. पीएफच्या कागदावर सही? सोमवारी या, बघू. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत हातात पडावा, असं कायदा सांगतो. तरी ठेकेदाराच्या मागे हेलपाटे चुकत नाहीत. सहीला अर्धं मिनिट लागतं. पण तेवढ्यासाठी कुणीतरी खाडा करून, तळेगाव चौकातल्या कोंडीतून वाट काढत आलेला असतो आणि हात हलवत परत जातो.

चालढकलीचा विषय निघाला की आपण आपल्या वाया गेलेल्या वेळेबद्दल हळहळतो. पवित्र शास्त्र मात्र आधी ताटकळलेल्या माणसाची चौकशी करतं. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, अशी लेवीयच्या पुस्तकात आज्ञा आहे. जवळ असताना शेजाऱ्याला ‘उद्या ये’ म्हणू नये, असं नीतिसूत्रं बजावतात. येशूच्या दाखल्यातला द्राक्षमळ्याचा धनीही संध्याकाळ होताच कारभाऱ्याला बोलावून मजुरी वाटायला लावतो, तीही सगळ्यांत शेवटी आलेल्यांपासून.

प्रेषितांच्या कृत्यांतला फेलिक्स या बाबतीत मला फार जवळचा वाटतो, कारण तो निगरगट्ट नव्हता. कैदेतल्या पौलाचं नीतिमत्त्वाविषयी आणि न्यायाविषयीचं बोलणं ऐकून हा रोमी सुभेदार चक्क घाबरला. म्हणजे मुद्दा काळजाला भिडला होता. तरी त्याने पौलाला सवड झाल्यावर बोलावतो म्हणून परत पाठवलं. पुढे बोलावलंही, अनेकदा; मनात लाचेची आशा होती. दोन वर्षं गेली, फेलिक्सच्या जागी दुसरा आला आणि पौल कैदेतच राहिला. मन हेलावलं एवढ्यावर समाधान मानून हात जागचा न हलणं, हा आपल्या मंडळ्यांतलाही जुना रोग आहे. उपदेश ऐकताना डोळे पाणावतात आणि सोमवार उजाडला की घोंगडं भिजतच.

भोसरी-तळवड्याच्या बाजूला छोट्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना पॉवर प्रेसची दोन बटणं ठाऊक असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, यासाठी ती योजना. एक बटण बिघडतं. ‘एवढी ऑर्डर निघू दे, मग करू’ म्हणत त्यात लाकडाची पाचर ठोकली जाते आणि काम चालू राहतं. मोकळा झालेला हात डायमध्ये जातो, बोटं जातात. तो पोरगा कशासाठी ताटकळला होता, हे त्याला माहीतही नसतं.

मात्र बारा तास लाइनवर उभं राहून आलेल्याने घरचं काम उद्यावर टाकलं, तर त्याला कुणी आळशी म्हणू नये. विसावा ही दहा आज्ञांतली आज्ञा आहे, आणि ती चाकराचंही नाव घेऊन दिलेली आहे.

याच जिल्ह्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, तेव्हा मुक्ती मिशनमधल्या शेकडो बायका-मुलींचा संसार त्यांच्या डोक्यावर होता. काम टाळायला याहून मोठी सबब कुठली? त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. ती बाई सतत त्यांच्या नजरेसमोर होती. 1921मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तब्येत ढासळली, तरी मुद्रितं तपासणं थांबलं नाही. ते काम हातावेगळं करूनच 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.

म्हणून मी म्हणेन, राहिलेल्या कामांची यादी करताना कामाऐवजी माणसाचं नाव लिहा. ‘पीएफचे कागद’ असं नको, त्या पोराचं नाव. ‘गावी फोन’ नको, आई. काम महिनोन्महिने पडून राहतं; नाव डोळ्यांसमोर असलं की बसवत नाही. आणि रविवारी अर्पणाची थैली पुढ्यात आल्यावर असं एखादं नाव आठवलं, तर काय करायचं ते डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलेलं आहे: अर्पण तिथेच ठेवावं, आधी त्या भावाकडे जावं. उपासना तेवढा वेळ थांबली तरी चालेल, असं प्रभूच म्हणतो. फोन लावायला तर चर्चच्या आवारापर्यंतच यावं लागेल.