पेशीतील काळ आणि कारणाचा प्रश्न

न्यायदर्शनात काळ हे कार्यमात्राचे साधारण कारण मानले आहे, म्हणजे जे जे उत्पन्न होते त्याला काळ लागतोच; परंतु जे सर्वांचेच कारण असते त्यावरून हेच कार्य का घडले याचा उलगडा होत नाही, म्हणून नैयायिक असाधारण कारण शोधतात. पेशी विभागण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची प्रतिकृती ज्या क्रमाने होते, तो क्रम या भेदाची कसून परीक्षा घेतो. मानवी पेशीत हे काम साधारण 8 तास चालते, आणि त्यात सक्रिय जनुकांचे, सैल बांधणीचे भाग बहुधा आधी, तर घट्ट गुंडाळलेले निष्क्रिय भाग मागाहून दुप्पट होतात. स्त्रीच्या पेशीतील दोन एक्स गुणसूत्रांपैकी निष्क्रिय झालेले गुणसूत्र मागे राहते. हिमोग्लोबिनचा एक घटक घडवणाऱ्या बीटा-ग्लोबिन जनुकाची पाळी तांबड्या रक्तपेशींच्या पूर्वज पेशींत लवकर येते, इतर पुष्कळ पेशींत उशिरा.

तथापि साहचर्य म्हणजे कारणता नव्हे. कुंभाराचे गाढव माती वाहून आणते आणि घट घडण्यापूर्वी ते हजर असते, तरी त्याच्यावाचूनही घट घडू शकतो म्हणून नैयायिक त्याला ‘अन्यथासिद्ध’ ठरवून कारणांतून वगळतात. प्रतिकृतीची वेळही त्याच पंक्तीत बसत नाही कशावरून? यीस्टमध्ये तर वेळ आणि जनुकांची सक्रियता यांचा मेळ फारसा आढळतच नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जीवरसायनशास्त्रज्ञ हॉवर्ड सीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच डीएनए काही पेशींच्या केंद्रकांत प्रतिकृतीच्या आरंभीच्या, तर काहींत अखेरच्या टप्प्यात सोडला. आरंभी सोडलेला डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळला गेला त्यांवर बांधणी सैल ठेवणारे अ‍ॅसिटिल गट होते, अखेरीस सोडलेल्याच्या हिस्टोनांवर ते नव्हते. डीएनए एकच असता बांधणी बदलली, तेव्हा वेळेला निव्वळ साक्षी म्हणता येत नाही.

तरीही येथे काळ स्वतः काही करत नाही. त्या त्या टप्प्यात केंद्रकात कोणती विकरे कामाला लागलेली असतात यावर बांधणी ठरते, म्हणून काळाला कारणाचा ‘अवच्छेदक’, म्हणजे कारणतेची मर्यादा आखणारा, म्हणणे अधिक नेमके होईल. अडचण दुसरीच आहे. सैल बांधणीमुळे प्रतिकृती लवकर होते आणि लवकर झाल्याने बांधणी सैल राहते, हा तर्कशास्त्रात दोष मानलेला अन्योन्याश्रय दिसतो; पण एका पिढीची बांधणी पुढच्या प्रतिकृतीची वेळ ठरवते आणि ती वेळ त्यापुढील पिढीची बांधणी, त्यामुळे चक्र न होता परंपरा होते. याला पुष्टी अशी की मानवी पेशींतून वेळेचा क्रम राखणारे रिफ1 हे प्रथिन काढून टाकले असता तो क्रम विस्कटतो आणि हिस्टोनांवरील खुणाही बदलतात, मात्र प्रतिकृतीच रोखून धरली तर हा बदल होत नाही.