घर विकणे आहे

मानोऱ्याचे आमचे घर विकावयाचे ठरले, आणि चार पुस्तके अधिक वाचलेले म्हणून जाहिरात लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. ‘प्रशस्त घर, शांत व हिरवी वस्ती’ एवढे लिहून झाले आणि लेखणी थबकली. घराचा प्रशस्तपणा वडिलांच्या कमाईचा. त्याचे कागद आमच्यापाशी आहेत. पण हिरवाई कोणाची? अंगणातला कडुनिंब आईने लावला, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात विहिरीचे पाणी आणून तो जगविला आमच्या थोरल्या बहिणीने. गिऱ्हाईक आज ज्या सावलीचे चार पैसे अधिक देऊ म्हणते, ती सावली जिच्या हातची, तिचे नाव आमच्या जाहिरातीत नव्हते. विक्रीच्या विचारातही नव्हते.

वडिलांचे घर विकणे हेच मुळी पाप, असे मानणारे पुष्कळ आहेत. आम्हांस ते पटत नाही. घर राहण्यासाठी असते. कुलूप लावून त्याला वाळवी लागू देणे ही काही पितृभक्ती नव्हे. याच तालुक्यात पोहरादेवी आहे. ज्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरले, ते बंजारा बांधव संत सेवालाल महाराजांच्या या स्थानी रामनवमीस लाखांनी जमतात. पिढ्यान्‌पिढ्या एका जागी घर नसताही त्यांचे नाते तुटले नाही. तेव्हा भिंती गेल्या म्हणजे कुटुंब गेले, हे खरे नव्हे. खरा प्रश्न घर विकावे की नाही हा नसून, ते कोणी कोणास विचारून विकावे हा आहे.

याचे उत्तर कायद्याने केव्हाच दिले आहे. वडील मृत्युपत्रावाचून वारले, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याने दिला. मात्र त्याच कायद्याचे २३ वे कलम असे होते की, कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी पुरुष वारस करू म्हणतील तेव्हाच मुलीने मागावी. म्हणजे हक्क दिला, पण दाराची कडी भावाच्या हाती ठेवली! ते कलम २००५ साली गळाले. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली तोवर लग्न न झालेल्या मुलींना दिला; २००५ साली तो देशभर विवाहित-अविवाहित सर्व मुलींना मिळाला; आणि त्या वेळी बाप हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

कायदा असा सरळ झाला, तरी रूढीने आपली पळवाट शोधलीच. तिचे नाव हक्कसोडपत्र. बहिणीस माहेरी बोलावावे, साडीचोळी करावी, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत नेऊन सही घ्यावी. ‘तिने खुशीने सोडले,’ असे आपण चारचौघांत सांगतो. परंतु ‘नाही’ म्हटल्यास माहेर तुटेल, हे भय जिच्या मनात आहे, तिच्या ‘हो’ला खुशी म्हणावे काय? जेथे नकार देण्याची सोय नाही, तेथे संमतीला अर्थ नाही. कोणी म्हणेल, तिच्या लग्नात हुंडा दिला, तोच तिचा वाटा. पण हुंडा तिच्या हाती पडला नाही, तो सासरी गेला. शिवाय १९६१ पासून हुंडा देणे हाच गुन्हा आहे. स्वतःचा अपराध पुढे करून दुसऱ्याचे देणे फिटत नसते.

हे सारे आम्ही वर्गात विद्यार्थ्यांस अनेकदा सांगितले आहे. म्हणून धाकट्या भावास घेऊन बहिणीकडे गेलो, आणि मोठ्या औदार्याने म्हणालो, “ताई, तिसरा वाटा तुझा. हवा की नको, तू सांग.”

तिने दोनच गोष्टी विचारल्या : किंमत किती येते, आणि घेणारा निंब ठेवणार काय? मग शांतपणे म्हणाली, “माझा वाटा मी घेईन, बाबा.”

खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आमच्या काळजात किंचित चर्र झाले. ती ‘मला काही नको रे’ म्हणेल, अशी खात्री मनाच्या तळाशी कोठे तरी बसली होती. आम्ही विचारावयास गेलो ते त्या खात्रीच्या बळावर. न्यायाची भाषा तोंडी असताना हिशेब मात्र जुन्या रूढीचाच चालला होता. तिने नकार दिला असता, तर आम्ही स्वतःस उदार समजत परतलो असतो, आणि हे आम्हांस कधीच कळले नसते.

जाहिरात पुन्हा लिहिली. विकणारांत आता तीन नावे आहेत, आणि पहिले ताईचे आहे. निंब राखण्याची अट घेणाऱ्यावर घालणे आमच्या हाती नाही. तो कोणी लावला आणि कोणी जगविला, एवढे मात्र त्यांस सांगणार आहोत.