कठडा कोणी बांधायचा?

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा आला की वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर या गावांतील घरे पालथी घातली जातात. माळ्यावरचे सामान खाली उतरते, भिंतींना रंग चढतो आणि वर्षभर साचलेली अडगळ दाराबाहेर जाते. त्यात फुटक्या काचा असतात, विझलेल्या ट्यूबलाइट असतात, संपलेले सेल, मुदत उलटलेली औषधे, मधुमेहाच्या रुग्णाने वापरलेल्या सुया आणि दाढीची पाती असतात. शेतकऱ्याच्या घरी फवारणीच्या औषधांचे रिकामे डबेही असतात. घर स्वच्छ झाले, असे आपण समाधानाने म्हणतो. वस्तुतः घरातला धोका घराबाहेर गेला, एवढेच झालेले असते. तो कोणाच्या तरी हातात जातो.

तो हात घंटागाडीवरील कामगाराचा असतो, भंगारवाल्याचा असतो, काच-कागद वेचणाऱ्या बाईचा असतो. कचऱ्यातील सुई टोचली तर हेपटायटिस बी आणि सी, क्वचित एचआयव्हीसुद्धा, रक्तात शिरू शकतो. ट्यूबलाइट फुटली की पाऱ्याची वाफ श्वासात जाते. डब्याच्या तळाशी राहिलेले कीटकनाशक त्वचेवाटे शरीरात उतरते. या विषाची ताकद किती, हे शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली पाहिले आहे. फवारणीतून विषबाधा होऊन तेथे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. घरामागच्या सेप्टिक टँकमध्ये साठणारा वायू तर अधिकच कपटी. त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि आत उतरलेल्या माणसाला सावध होण्याचीही सवड मिळत नाही. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही अनेकदा तेथेच राहतो.

आता नीतीचा प्रश्न असा की, या इजेचा दोष कोणाचा? सुई टाकणाऱ्याने कोणाचे वाईट चिंतिलेले नसते. ठेकेदार म्हणतो, मी मजुरी दिली. नगरपरिषद म्हणते, आम्ही ठेका दिला. पाप करणारा कोणीच सापडत नाही आणि जखम मात्र खरी असते. अशा वेळी आपण तीन समर्थने पुढे करतो. ती नीट तपासून पाहिली पाहिजेत.

पहिले समर्थन अज्ञानाचे: 'आम्हाला कुठे ठाऊक होते?' नीतिशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार मानते. एक, प्रयत्न करूनही दूर न होणारे. ते माणसाला दोषमुक्त करते. दुसरे, सहज दूर करता आले असते, पण दूर करणे गैरसोयीचे होते म्हणून जपलेले. कचऱ्याची पिशवी उघड्या हाताने कोणीतरी उचलणार, हे कळायला विद्वत्ता लागत नाही. सकाळी घंटागाडीचे गाणे वाजते तेव्हा तो माणूस आपल्या दारातच उभा असतो. आपले अज्ञान या दुसऱ्या जातीचे आहे.

दुसरे समर्थन संमतीचे: 'त्याने काम स्वतःहून पत्करले.' संमतीला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा नाही म्हणण्याची सोय असते. घाणीची कामे आपल्या समाजात कोणाच्या वाट्याला आली, हे सर्वांना माहीत आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले होते. पिढ्यान् पिढ्या ज्याच्यापुढे दुसरे दारच उघडले नाही, त्याच्या होकारावर आपण आपली निश्चिंती उभारू शकत नाही.

तिसरे समर्थन सर्वांत प्रचलित: 'हातमोजे दिले तरी हे लोक घालत नाहीत.' यात काही अंशी तथ्य आहे. पण ते का घालत नाहीत, हे विचारायचे राहून जाते. वैशाखात पारा चाळिशीपार गेला असता जाड रबरी मोज्यांत हात उकडून निघतो, बारीक वस्तू उचलता येत नाही, आणि पातळ मोजा सुई अडवत नाही. सुरक्षिततेच्या शास्त्रात मोजा, मुखपट्टी, बूट यांचे स्थान सर्वांत शेवटी आहे. प्रथम धोका मुळातच नाहीसा करावा, ते न जमल्यास तो वेगळा काढावा, मग कामाची पद्धत सुधारावी, आणि तरीही जो उरेल त्यासाठी मोजा. आपण हा क्रम उलटा केला आहे. सारा भार शेवटच्या माणसावर टाकायचा आणि तो वाकला की त्यालाच दोष द्यायचा, ही आपली रीत झाली आहे.

कायदा या बाबतीत मुका राहिलेला नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर १९९३ साली बंदी आली. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे गुन्हा ठरवले. तेथे मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम तीस लाखांवर नेली. न्यायालयाचे हे पाऊल योग्यच होते. परंतु भरपाई मृत्यूनंतर येते. जिवाची किंमत त्याच्या मरणानंतर मोजणारा समाज ती तो जिवंत असताना का मोजत नाही?

आपल्याच विदर्भात गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली. १९५६ साली ते गेले, आणि त्यांच्या नावाने आपण स्वच्छतेचे सोहळे करू लागलो. झाडूला हार घालणे सोपे आहे. झाडू धरणाऱ्या हाताला धनुर्वाताची आणि हेपटायटिस बीची लस मिळाली का, हे पाहणे कठीण. गौरव हा संरक्षणाला पर्याय होऊ शकत नाही.

पवित्र शास्त्रातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक साधा नियम आहे: नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा घालावा, कोणी खाली पडले तर रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल. यात पडणारा कोण, तो धाब्यावर का चढला, तो बेसावध होता काय, याची चौकशी नाही. धोका ज्याच्या घराचा, कठडाही त्याचाच.

म्हणून नगरपरिषद वा ठेकेदार मोकळे होतात, असे नव्हे. कामगारांना गणवेश, मोजे, बूट, मुखपट्टी पुरवण्याचे बंधन २०१६ च्या घनकचरा नियमांनी स्थानिक संस्थांवर घातले. त्याच नियमांनी कचरा वेगळा करून देण्याचे बंधन घरमालकावर घातले. जबाबदारी ही भाकरीसारखी नसते; वाटून घेतली म्हणून कोणाचाच वाटा लहान होत नाही.

पुण्यात १९९३ साली कचरावेचक एकत्र आले आणि त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे त्याच शहरात त्यांनी नागरिकांकडे एक लहानशी मागणी केली: वापरलेले सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे पुडी उघडावी लागणार नाही. एका ठिपक्याचा खर्च तो काय! पण त्या ठिपक्यात 'तू आहेस, हे मला ठाऊक आहे' ही कबुली असते.

तशीच कबुली आपल्यालाही देता येईल. फुटकी काच जाड कागदात बांधून वर 'काच' असे लिहावे. सुया घट्ट झाकणाच्या जाड बाटलीत साठवाव्यात. ट्यूबलाइट न फोडता वेगळी द्यावी. फवारणीचा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डब्याला भोके पाडावीत, म्हणजे त्यात कोणी पिण्याचे पाणी भरणार नाही. आणि एवढे केल्यावर नगरपरिषदेकडे जाऊन विचारावे की, आमच्या गल्लीत येणाऱ्या कामगाराला लस दिली काय? ज्याने आपल्या दारातला कठडा आधी बांधला आहे, त्याला हा प्रश्न विचारताना संकोच वाटणार नाही.