मंडपेश्वरातला आंतोनियो

बोरिवलीत आय. सी. कॉलनीजवळ, लिंक रोडचे हॉर्न ऐकू येतील इतक्या अंतरावर मंडपेश्वर लेणी आहेत. दुपारी तिथे जाऊन निवांत बसा. डोळे मिटायची घाई नको, आधी बघून घ्या. साधारण सहाव्या शतकातलं शैव लेणं. आत भंगलेला नटराज. एका भिंतीवर मूळ शिल्प तासून कोरलेला क्रूस. माथ्यावर पडक्या चर्चच्या भिंती.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर हे मंदिर चर्चच्या हाती गेलं. ते घडवणारा फ्रान्सिस्कन साधू आंतोनियो दो पोर्तो. त्याच्यावर रागवायचं की नाही, ते नंतर ठरवू. आधी त्याचं नाव मनात धरा. घाटावर जप करतात तसं, सावकाश. आंतोनियो.

या नावाचा माग रोमच्या आंतोनियस घराण्यापर्यंत जातो. त्यातला सर्वांना ठाऊक असलेला मार्क अँटनी. इसवी सनपूर्व 31 मध्ये अ‍ॅक्टियमला हरला आणि पुढच्या वर्षी अलेक्झांड्रियात त्याने स्वतःला संपवलं. मग रोमच्या सिनेटने ठराव केला की आंतोनियस घराण्यात यापुढे कुणाचंही नाव मार्कस ठेवायचं नाही. माणूस गेल्यावरही नावाला शिक्षा! या सूडापाशी थोडं थांबा. कुणाच्या तरी नावाने आपल्याही कपाळावर आठी येते, ती आत्ता येते का बघा.

आता देश तोच, इजिप्त. सुमारे तीन शतकं उलटली आहेत. दुसरा आंतोनियस बापजाद्यांची जमीन वाटून टाकतो आणि वाळवंटात जाऊन बसतो. ख्रिस्ती संन्यासाची वाट पुढे याच्याच नावाने ओळखली गेली. एकाने हाव धरून सगळं घालवलं, दुसऱ्याने आपणहून सोडलं. नाव मात्र तेच.

या संन्याशाचं नाव लिस्बनच्या फर्नांदोने 1220 साली फ्रान्सिस्कन होताना घेतलं. तोच पादुआचा संत अँथनी, हरवलेली वस्तू सापडावी म्हणून ज्याला साकडं घालतात. त्याचा सण 13 जूनला, आपल्याकडे पावसाच्या तोंडावर. आणि त्याच्याच संघातला आंतोनियो इथे, या दगडात आला. मुलांसाठी कॉलेज काढणारा आणि दुसऱ्यांच्या देवाची जागा घेणारा माणूस एकच. मला तो आवडत नाही. पण त्याचा एक हात झाकून दुसराच दाखवणंही मला पटत नाही. 1737 साली साष्टी बेट, ज्यावर ही लेणी आहेत, मराठ्यांकडे आलं आणि फ्रान्सिस्कनांचा इथला मुक्काम संपला.

नाव मात्र उपनगरांत राहिलं. 1977च्या ‘अमर अकबर अँथनी’त तर ते गाण्यातही वाजलं, तेही संगीतकार प्यारेलालना व्हायोलिन शिकवणाऱ्या, गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांच्या आठवणीने.

आता स्वतःचं नाव घ्या. बारशाला ते कुणी सुचवलं? आजोबांचं होतं, की तेव्हाच्या एखाद्या नटाचं? ते वागवणारी माणसं एकेक करून समोर येऊ द्या. त्यांत एखादा नकोसा निघेलच. त्याच्यापाशी जरा जास्त वेळ बसा, आणि त्याला घाईने माफ करून टाकू नका.