शंभर मिनिटं

मुलाकडे अमेरिकेला जायचं ते मे-जूनमध्ये, असा रिवाज. अण्णा आणि माई मात्र सुनेच्या बाळंतपणासाठी भर जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला पोचले, आणि त्याच आठवड्यात तळघरातला बॉयलर ठिबकायला लागला.

अण्णांची सगळी नोकरी कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून गेलेली. तासाला कित्येक टन वाफ करणारी धुडं हाताळलेल्या माणसाला हे कपाटाएवढं यंत्र म्हणजे खेळणंच. वाफसुद्धा नाही, पाणी तापवायचं आणि पंपाने घरभर फिरवायचं. प्रत्येक खोलीत भिंतीच्या पायाशी पत्र्याची लांबट पेटी, आत तांब्याची नळी आणि नळीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची दाट रांग. तिकडे याला बेसबोर्ड म्हणतात.

पहिला कंत्राटदार आला. त्याने बॉयलरवरची पाटी वाचली : तासाला 1,40,000 बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं माप). "एवढाच बसवू, हवं तर एक माप वरचा," म्हणाला आणि पाच मिनिटांत गेला. दुसऱ्याने निदान टेप काढली. बेसबोर्ड भरला 120 फूट. 180 अंश फॅरनहाइटचं पाणी फिरवलं तर फुटामागे साधारण 580 बीटीयू, म्हणजे सगळे मिळून 70,000. नळ्या याहून जास्त उष्णता खोलीत सोडूच शकत नाहीत, मग दुप्पट बॉयलर कशाला? मुलाला पटलं.

अण्णांना नाही. "त्यानं ताट मोजलं रे. भूक कुठं मोजली?"

त्या शुक्रवारी रात्री पारा 5 अंश फॅरनहाइटवर उतरला, आपल्या मापात उणे 15. बाळामुळे थर्मोस्टॅट रात्रीसुद्धा 70 वरून हलवायचा नाही, असा माईंचा हुकूम होता. अण्णा शाल गुंडाळून, घड्याळ आणि वही घेऊन तळघरात स्टुलावर बसले. बर्नर चार मिनिटं पेटायचा, विझायचा, आठ मिनिटं गप्प. की पुन्हा पेटायचा. दर वेळी वरून तांबं प्रसरण पावल्याची टिकटिक ऐकू यायची. बारा ते पाच या वेळात पंचवीस वेळा हाच खेळ झाला. 300 मिनिटांत बर्नर पेटलेला होता फक्त 100 मिनिटं.

पाटीवरचा आकडा आत जाणाऱ्या गॅसचा. त्यातला पाचवा हिस्सा धुराड्यातून जातो असं धरलं, तर हाती 1,12,000 उरतात. त्याचा तिसरा भाग साधारण 37,000. तिथल्या हिवाळ्यातल्या अगदी कडक थंडीच्या रात्री त्या घराची भूक एवढीच होती. अंघोळीच्या पाण्याचा हीटर वेगळा होता, म्हणून हिशेबात भेसळ नव्हती.

घर बांधलं तेव्हा भिंती पोकळ होत्या, खिडक्यांना एकेरी काच होती. पुढच्या मालकांनी भिंती भरल्या, काचा दुहेरी केल्या. बॉयलर तेवढा तोच राहिला. पहिल्या कंत्राटदाराला मी लबाड म्हणणार नाही. घर गार राहिलं तर मध्यरात्री त्याला फोन येतो. गॅस वाया जातो म्हणून कुणी झोपमोड करत नाही.

दुसरा कंत्राटदार वही बघून हसला नाही. खाली बसून त्याने पुन्हा गणित मांडलं. एवढ्या बेसबोर्डला 37,000 साठी 180 चं पाणी लागतच नाही, 140 चं पुरतं. मग परतीचं पाणी 130 च्या खाली येतं, धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णता धुराड्याबाहेर न जाता बॉयलरलाच मिळते. कंडेन्सिंग बॉयलरचे जादा पैसे वसूल होतात ते इथेच. त्याने 55,000 चा, ज्योत कमी-जास्त करणारा बॉयलर बसवला.

पुढच्या जानेवारीत अशीच एक रात्र आली. मुलाने घाबरून कोल्हापूरला फोन लावला. "अण्णा, बर्नर संध्याकाळपासून विझलेलाच नाही. लहान पडला का?"

"घरात किती आहे?"

"सत्तर."

"टिकटिक?"

मुलाने फोन बेसबोर्डजवळ नेला. काहीच आवाज नव्हता.

"झोप मग," अण्णा म्हणाले.