शिफारशीची कमाई : दलाली आणि अमानत

कयामतच्या दिवशी माणसाचे पाऊल जागचे हलण्यापूर्वी त्याला ज्या गोष्टींचा जाब द्यावा लागेल, त्यांत संपत्तीविषयी दोन प्रश्न असतील : ती कोठून मिळवली आणि कोठे खर्च केली. तिर्मिझी शरीफमधील या हदीसचा आशय बहुतेक घरांत परिचित आहे. खर्चाचा हिशेब आपण निदान रमजानमध्ये जकात काढताना तरी करतो. ‘कोठून’ या प्रश्नाकडे मात्र, पैसा चोरीचा वा व्याजाचा नसला की, आपण फारसे वळून पाहत नाही. आज एका नव्या कमाईसंबंधी हा प्रश्न विचारणे आवश्यक झाले आहे.

ही कमाई अशी : नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणारा एखादा तरुण किंवा घर सांभाळणारी एखादी भगिनी मोबाइलवर एखाद्या वस्तूविषयी मराठीत लिहिते, तिचे गुणदोष सांगते आणि खाली खरेदीची लिंक देते. वाचकाने त्या लिंकवरून वस्तू घेतली की, विकणारी कंपनी शिफारस करणाऱ्याला किमतीतील काही टक्के देते. याला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. अमेझॉन कंपनीने १९९६ मध्ये अशी योजना सुरू केली आणि नंतर ही पद्धत जगभर पसरली. दुकान लागत नाही, भांडवल लागत नाही, ग्राहकालाही सहसा एक रुपया जास्त मोजावा लागत नाही. मग यात गैर ते काय, असा प्रश्न घराघरांतून विचारला जातो आणि तो रास्त आहे.

दलाली निषिद्ध नाही

प्रथम हे स्पष्ट असावे की, विकणारा व घेणारा यांच्यात दुवा होऊन मोबदला घेणे इस्लामने निषिद्ध ठरवलेले नाही. मदीनेच्या बाजारात असे मध्यस्थ होते. त्यांना ‘समासिरा’ म्हणत. हजरत कैस बिन अबी गरजा (रजि.) सांगतात की, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आम्हाला त्याहून चांगल्या नावाने, ‘व्यापारी’ म्हणून संबोधले आणि समजावले की, खरेदी-विक्रीत वायफळ बोलणे व शपथा मिसळतात, म्हणून तिच्यात दानधर्म मिसळत जा. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या संग्रहात दलालाच्या मोबदल्याविषयी स्वतंत्र प्रकरण ठेवले असून इब्ने सीरीन, अता, इब्राहीम आणि हसन यांना त्यात हरकत वाटली नाही, असे नोंदवले आहे. आपल्याकडे बहुसंख्य लोक ज्या हनफी मसलकाचे पालन करतात, त्यातील इब्ने आबिदीन (निधन १८३६) यांच्या ग्रंथातही लोकांची गरज व रूढ व्यवहार लक्षात घेऊन दलालीला वाव दिलेला आढळतो. काम झाले तरच मोबदला, ही कल्पनाही नवी नाही. सूरह यूसुफमध्ये राजाचे हरवलेले पात्र आणून देणाऱ्यास उंटभर धान्य देण्याची घोषणा आहे आणि अनेक फिक्हकारांनी तिच्यातून अशा कराराचा आधार घेतला आहे.

नांदुऱ्याच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. कापूस, तूर, सोयाबीनचा हा मुलूख आहे. कृषी उत्पन्न बाजार समितीत अडत्या बसतो, मापारी माप करतो, हमाल पोती उचलतो आणि प्रत्येकाची मजुरी सर्वांना ठाऊक असते.

रुमालाखालचा हात

परंतु आपल्या वऱ्हाडाचाच इतिहास दुसरीही एक गोष्ट शिकवतो. देशातील अनेक बाजारपेठांत एकेकाळी अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून, एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा असे; पण आपल्या घामाचे मोल काय ठरले, हे त्याला दिसत नसे. असे गैरप्रकार आणि मनमानी कपाती रोखण्यासाठी पुढे बाजार नियंत्रणाचे कायदे आले. त्यांची सुरुवात दूर कोठे नव्हे, येथेच झाली : १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने अडत्या-दलालांना परवाना बंधनकारक केला.

यातून ध्यानात येते की, लोकांचा आक्षेप अडतीच्या पैशावर नव्हता, रुमालावर होता. मोबदला उघड असला तर ती मजुरी आहे. झाकलेला असला तर विश्वासाला लागलेली वाळवी आहे. ‘मित्रहो, मी वापरून पाहिले, तुम्हीही अवश्य घ्या’ असे लिहून खालच्या लिंकमागची टक्केवारी दडवणे म्हणजे तोच जुना रुमाल पुन्हा अंथरणे होय. वाचक त्याला भावाचा सल्ला समजतो. प्रत्यक्षात तो विक्रेत्याच्या माणसाचे बोलणे ऐकत असतो.

प्रेषित (स.) यांच्या शिकवणीनुसार, ज्याचा सल्ला घेतला जातो तो अमानतदार असतो. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसचा आशय असा की, विकणारा व घेणारा खरे बोलले आणि उघड करून सांगितले तर त्यांच्या व्यवहारात बरकत होते, लपवले व खोटे बोलले तर ती बरकत पुसली जाते. येथे केवळ खोटे बोलणे नव्हे, लपवणेही वेगळे नमूद झाले आहे, हे विचारी माणसाने नीट पाहावे.

‘मी तरीही हेच सांगितले असते’

यावर एक उत्तर दिले जाते व ते वरवर प्रामाणिक असते : वस्तू खरोखर चांगली आहे, पैसे मिळाले नसते तरी मी तीच सुचवली असती, मग सांगितले नाही म्हणून कोणाचे काय बिघडले?

याचे उत्तर आपल्या नफ्समध्ये आहे. लाभ डोळ्यांपुढे असताना माणूस स्वतःचा न्यायाधीश म्हणून फार कच्चा ठरतो. दोन वस्तू जवळपास सारख्या असल्या आणि एकीवर टक्केवारी जास्त असली, तर तिचे गुण मनात आपोआप मोठे होतात. त्यासाठी खोटे बोलावेही लागत नाही. म्हणून तोल तपासण्याचा अधिकार वाचकाकडे असला पाहिजे आणि तो अधिकार त्याला माहिती दिल्यावरच मिळतो. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषित (स.) यांनी हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे मालकाने सांगितले. ते खरेच होते. तरीही विचारणा अशी झाली की, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? टक्केवारी हा सल्ल्यातील ओलसर भाग आहे. तो दोष असेलच असे नाही, पण तो वर दिसला पाहिजे.

याहून कठीण कसोटी दुसरी आहे. फवारणीचा बॅटरीवरचा पंप कोणता घ्यावा, असे एखादा शेतकरी शोधत असतो. त्याच्यासाठी खरा सल्ला कदाचित असा असेल की, गावच्या दुकानातून घ्या, बिघडला तर दुरुस्त करून मिळेल. किंवा जुनाच पंप नीट करून घ्या, यंदा नवा घेऊ नका. या सल्ल्यावर कोणतीही कंपनी एक पैसा देत नाही. ‘घेऊ नका’ या शब्दांना लिंक नसते. जो लिहिणारा वर्षभरात एकदाही ‘हे घेऊ नका’ म्हणत नाही, त्याने स्वतःला विचारावे की, आपण सल्ला देतो की गिऱ्हाईक पाठवतो? गिऱ्हाईक पाठवणे हाही हलाल व्यवसाय असू शकतो. पण मग त्याला नसीहतचे वस्त्र नेसवू नये.

काही व्यावहारिक मर्यादा

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी चार गोष्टींची खबरदारी घ्यावी. वस्तू स्वतः हलाल असावी. व्याजी कर्ज, जुगारसदृश खेळ किंवा मद्य यांची शिफारस म्हणजे पापात सहकार्य आहे आणि सूरह माइदाने त्यास मनाई केली आहे. जे वापरले नाही ते ‘वापरले’ म्हणू नये. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे न लागण्याची आज्ञा सूरह बनी इस्राईलमध्ये आहे आणि कान, डोळे व हृदय यांना जाब विचारला जाणार आहे. कंपनीच्या अटी पाळाव्यात. स्वतःच्या लिंकवरून स्वतःच खरेदी करून टक्के मिळवणे अटींविरुद्ध असेल, तर ती हुशारी नव्हे, करारभंग आहे. आणि मोबदल्याचा उल्लेख लिंकच्या वरच, वाचकाला कळेल अशा मराठीत करावा. तळाशी बारीक इंग्रजीत नव्हे.

देशाचा कायदाही हेच सांगतो. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस करणारा आणि विक्रेता यांच्यातील आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक आहे. भ्रामक शिफारशीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मोमिनाला मात्र दंडाच्या भीतीने नव्हे, अल्लाह पाहत आहे या जाणिवेने सत्य सांगायचे असते.

एक बारकावा उरतो. अनेक योजनांत वाचकाने लिंक उघडल्यानंतर ठरावीक मुदतीत दुसरीच वस्तू घेतली, तरी तिची टक्केवारी आपल्या खात्यात येते. ती वस्तू निषिद्ध असल्याचे कळले, तर तेवढी रक्कम पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावी. उरलेल्या कमाईतूनही, हजरत कैस (रजि.) यांना मिळालेल्या उपदेशाप्रमाणे, दानधर्म करत राहावे.

उघड सांगितल्याने काही वाचक लिंक न उघडता निघून जातील, उत्पन्न कमी होईल, ही भीती खरी आहे. परंतु जे राहतील ते जाणूनबुजून, राजीखुशीने राहतील. परस्परांच्या संमतीचा व्यापार म्हणून सूरह निसाने जो मार्ग वैध ठरवला, तो हाच. टक्केवारी कंपनी देते, बरकत अल्लाह देतो. अल्लाह आपल्या मुलाबाळांच्या ताटात हलाल रोजी आणि आपल्या जिभेवर व बोटांवर सत्य ठेवो. आमीन.